अर्ध्या टाकीचा आळ

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. माझे नेमके वय विचारू नका. बोनेट उघडून पाहाल तर तुमचे तुम्हालाच कळेल. मला ओळखणारे लोक माझ्याबद्दल दोनच गोष्टी सांगतात. एक, ही कुठेही चढते. दोन, ही फार पिते. पहिली सांगताना ते माझ्या पाठीवर थाप मारतात, दुसरी सांगताना टाकीच्या झाकणाकडे तिरके बघतात. आजची हकिगत या तिरक्या बघण्याची आहे. त्या बघण्यापायी एका सरळ माणसाचे इमान पणाला लागले होते. तो निर्दोष आहे हे मला ठाऊक होते, पण जीपची साक्ष कोण काढतो?

माझा जन्म कारखान्यात झाला. शेजारच्या रांगेत नाजूक, गुळगुळीत मोटारी तयार होत. त्यांना रस्त्यावर धावायचे होते, मला जिथे रस्ता नाही तिथे. म्हणून मला जाड पत्रा दिला, खरबरीत टायर दिले आणि गिअरच्या दांडीशेजारी आणखी एक आखूड दांडी दिली. ती ओढली की पुढची चाकेही इंजिनाला जुंपली जातात आणि मी चिखलातून बाहेर येते.

माझे पहिले मालक डोंगरांवर विजेचे मनोरे उभारत. घरचे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. तारांची भेंडोळी, शिड्या, माणसे आणि माणसांचे डबे घेऊन मी असल्या कड्यांवर चढले आहे की शेळीनेही आधी विचार करावा. त्या काळात ‘किती देते?’ असे कोणी विचारले नाही. ‘पोचेल ना?’ एवढेच विचारत, आणि मी पोचत असे. संध्याकाळी कचेरीच्या अंगणात उभी राहत असे. ते अंगण ताटासारखे सपाट होते. हे लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवले नाही.

मी मुळातच संशयी आहे. जिच्या तोंडात येताजाता कोणीतरी नळी खुपसतो, तिने दुसरे काय व्हावे? डिझेल भरणारा एका डोळ्याने मीटरकडे बघतो आणि दुसऱ्याने बाबांच्या गप्पांकडे, हे मी पाहिले आहे. स्वच्छ फडके घेऊन येणारा माणूस काच पुसायला आला आहे की आरसा न्यायला, हे तो जाईपर्यंत मला ठरवता येत नाही.

पण सर्वांत मोठा संशय मला माझ्याच अंगातल्या एका अवयवाचा आहे. माझ्या टाकीत किती डिझेल आहे ते मला पोटातल्या भाराने कळते. समोरच्या फळीवरचा काटा काय सांगतो ते मात्र मला कधीच दिसत नाही, कारण तो आत बसलेल्या माणसाकडे तोंड करून असतो. म्हणजे चहाडी माझी, आणि करायची माझ्या पाठीमागे!

बाबा थकले. अंथरुणाला खिळण्याआधी त्यांनी दोन्ही मुलांना अंगणात बोलावले. थोरली ताई रोपवाटिका चालवते. धाकट्याचे चष्म्याचे दुकान आहे. बाबा माझ्या बोनेटवर हात ठेवून म्हणाले, “गाडी दोघांची. अर्धा आठवडा तिची, अर्धा तुझी. अर्ध्या टाकीवर घ्यायची, अर्ध्या टाकीवर द्यायची. बहीणभावात हिशेबाची वही नको, काटा पुरे.”

बाबा गेले, आणि माझे दोन संसार सुरू झाले.

डोंगर सुटला, बाजार लागला. ताईकडे रोपांच्या पिशव्या आणि खताची पोती, धाकट्याकडे दुकान, बँक आणि आईला घेऊन दवाखाना. सगळे फेरे असे आखूड की इंजिन धड तापायच्या आत मुक्काम यावा. थंड इंजिन जास्त पिते, हे कोणी लक्षात घेत नाही. बाबांचा शिड्या ठेवायचा लोखंडी सांगाडा अजून माझ्या टपावर होता. त्यावर शिडी नव्हती, नुसता वारा अडत होता. टायरांत हवा कमी, कारण खडकावर कमीच लागते. आणि पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक फिरकी असते. डोंगरात ती आवळून चाक आतल्या दांड्याशी जोडायचे, रस्त्यावर सोडायचे. शेवटच्या मनोऱ्यावर जाताना बाबांनी आवळली ती तशीच राहिली. त्यामुळे गुळगुळीत डांबरावर वांगी आणायला निघाले तरी पोटाखालचे पुढचे सगळे दांडे उगाच गरगरत असत. एकूण काय, मी पीत होते. नाकारत नाही. पण जेवढी ताईकडे पीत होते तेवढीच धाकट्याकडे. मी पंक्तिप्रपंच करत नाही.

ताईच्या रोपवाटिकेत मी उतारावर उभी असे, नाक खाली करून. माझी बॅटरी म्हातारी, म्हणून ताई मला उतारावरून सोडून चालू करत असे. धाकट्याचे घर रस्त्यापेक्षा उंचावर. फाटकातून आत सिमेंटचा चढ आहे. तिथे मी नाक वर करून, मागच्या चाकाला वीट लावून उभी. एकीकडे पाया पडल्यासारखी, दुसरीकडे आभाळात देव शोधल्यासारखी.

एका सकाळी धाकट्याने चावी फिरवली आणि फळीकडे बघून थबकला.

“आई, ताई काल काय म्हणाली? अर्धी टाकी ना?”

आई पायरीवर बसून शेंगा सोलत होती. “माझ्यासमोर म्हणाली. चहा पिताना.”

“मग ये, बघ. पाव टाकीला जेमतेम टेकलाय.”

“मला नको दाखवूस. मला दोन काटे दिसतात. चष्म्याचा नंबर बदललाय, पण मुलाचंच दुकान पडलं, त्यामुळे मी रांगेत शेवटी.”

धाकट्याने दुकानाकडे जाण्याआधी डिझेल भरले. नियमाचा पक्का, म्हणून ताईला देताना चढावर काटा बरोबर अर्ध्यावर आणून दिला. माझ्या पोटाला मात्र जाणवले की हे अर्ध्याहून बरेच जास्त आहे. मी म्हटले, दानत वाढलेली दिसते.

तिकडे ताईने उतारावर काटा पाहिला आणि तिच्या भुवया वर गेल्या. “पाऊण टाकी? हा? रुमालाला लावलेल्या अत्तराचाही हिशेब ठेवणारा माझा भाऊ? काहीतरी लपवतोय. लांब कुठेतरी जाऊन आला असणार, आणि आता तोंड बंद ठेवायला टाकी भरतोय.”

बघा मित्रांनो, कमी दिसले म्हणून एकाला संशय, आणि जास्त दिसले म्हणून दुसरीला. माझ्या पोटातून एक थेंब कोणी काढला नव्हता. मग हे दोघे भांडतात कशाला? मला वाटले, दोघांपैकी एक खोटे बोलत आहे, आणि माझा कल धाकट्याकडे होता. त्याला मला विकायचे आहे, म्हणून तो ‘पिते, पिते’ असा गजर करतो, असे मी मनाशी धरून चालले. संशय हा असा पाहुणा आहे की एका खोलीत उतरला की सगळ्या घराच्या किल्ल्या मागतो.

हळूहळू धाकट्याने तपास सुरू केला. टाकीच्या झाकणावर खडूची रेघ ओढून ठेवली. रेघ जागची हलली नाही, तर म्हणाला, “चोर हुशार आहे. रेघ पुन्हा ओढतो.” ताई त्याच्या दुकानातल्या मदतनिसाला सहज म्हणून विचारू लागली, “साहेब परवा कुठे गेले होते रे?” भावाबहिणीचा चहा कोमट होऊ लागला.

आणि मग धाकट्याला आठवले की ताईच्या रोपवाटिकेत पाणी ओढायला डिझेलवर चालणारा पंप आहे.

तो पंप माळीकाकांच्या हाती होता. बाबांच्या वेळेपासूनचा माणूस. तरुणपणी मनोऱ्यांसाठी खड्डे खणत, नंतर गुडघे बोलू लागले तेव्हा ताईकडे रोपांवर आले. बोलायला कमी. रोपांशीही गरजेपुरतेच बोलत.

त्या दिवशी मला धाकट्याकडे जायचे होते. ताई सकाळी गिऱ्हाइकाकडे निघताना म्हणाली, “काका, काटा अर्ध्याच्या खाली आहे. कॅनमधलं थोडं घाला तिच्यात.” माळीकाकांनी पंपाजवळचा कॅन उचलून माझ्या शेजारी उंच दगडावर ठेवला, नळीचे एक टोक कॅनमध्ये, दुसरे माझ्या तोंडात घातले. डिझेल येत होते. माझ्या पोटात येत होते. हे मी छातीठोक सांगते.

नेमका तेव्हाच धाकटा मला न्यायला लवकर आला.

“व्वा!” तो फाटकातूनच म्हणाला. “सापडली म्हणायची नळी.”

“भरतोय, छोटेसाहेब. ताईंनी सांगितलंय.”

“भरताय ते दिसतंय. कुठून कुठे, एवढंच विचारतोय.”

नळीतले डिझेल संपेपर्यंत माळीकाकांनी ती धरून ठेवली. धाकटा पुढे झाला, आणि मित्रांनो, त्याने त्यांचा हात धरून नाकाशी नेला. हुंगला.

“डिझेल,” तो म्हणाला.

पंप चालवणाऱ्या माणसाच्या हाताला मोगऱ्याचा वास कसा येईल? पण चष्मेवाल्याला त्या घडीला एवढे दिसले नाही. तेवढ्यात ताई परतली. तिने सगळे ऐकले आणि भावावर भडकली. “काकांना बोलतोस? बाबा असते तर तुला इथल्या इथे माफी मागायला लावली असती.”

“मग दर वेळी पाव टाकी कमी कशी येते? सांग ना! गाडी तुझ्या दारातून निघते ती माझ्या दारात येते. मधे काय डिझेलला पाय फुटतात?”

उत्तर नसले की माणसाची नजर भटकते. ताईची नजर कॅनकडे गेली. ती वाकली आणि आत किती उरले आहे ते तिने बघितले. एवढेच.

धाकट्याने चोर ठरवले तोवर माळीकाका जागचे हलले नव्हते. ताई वाकली तेव्हा मात्र त्यांनी नळीची गुंडाळी केली, खुंटीला अडकवली, पंपाची चावी तिच्यासमोर दगडावर ठेवली आणि फाटकातून निघून गेले. जाताना माझ्या बोनेटवर बोटे टेकवून गेले. मी लोखंडाची, तरी ती बोटे मला जड वाटली.

पुढचे दिवस वाईट गेले. पंप ताईच्या हाताला दाद देईना. ती झारीने पाणी घालत फिरे. रोपे खाली माना घालून उभी. ताईने दोनदा काकांकडे निरोप पाठवला. दोन्ही वेळा एकच उत्तर आले, “हात धुतोय म्हणावं.”

धाकट्याने माझ्या टाकीच्या झाकणाला कुलूप लावले. पितळी, पेटीला असते तसे. माझ्या तोंडाला कुलूप! अशी अब्रू डोंगरातही कधी गेली नव्हती. “आता बघू,” तो म्हणाला. “आता काटा अर्ध्यावर असताना मी स्वतः कुलूप लावणार, स्वतः गाडी घरी आणणार. कमी दिसलं, तर काका चोर नाहीत, गाडी गळकी आहे. बरोबर दिसलं, तर चोर तेच. आणि कसंही निघालं तरी गाडी मी विकणार. बास झालं.”

“मी येते,” आई म्हणाली. “तुमच्या दोघांच्या मधे बसायला माणूस लागेल.”

त्याप्रमाणे भरदुपारी तिघे रोपवाटिकेत जमले. उतारावर उभी असताना तिघांनी काटा पाहिला. अर्धा. आईनेही पाहिला, तोवर नवा चष्मा मिळाला होता. धाकट्याने कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. मी निघाले. वाटेत काट्याकडे कोणी पाहिले नाही, कारण खड्ड्यांत तो नाचतो हे घरात सर्वांना माहीत. धाकट्याने मला फाटकातून चढावर घेतले, हँडब्रेक ओढला आणि काटा स्थिर होईपर्यंत तिघेही त्याच्याकडे बघत राहिले.

“पाव,” धाकटा हळूच म्हणाला.

“पाव,” ताई म्हणाली.

धाकटा खाली उतरून माझ्या पोटाखाली आडवा झाला. एक थेंब नव्हता. कुलूप जागच्या जागी. आता संशय घ्यायला माणूस उरला नाही, तेव्हा तिघेही माझ्याकडे बघू लागले. मी मनात म्हटले, आता भंगारवाला.

“आधी मला उतरवा,” आई कातावून म्हणाली. “या चढावर तुझ्या गाडीचं दार माझ्याच गुडघ्यावर येऊन आपटतं. रोज सांगते. फिरवून उलटी लाव बघू.”

“आई, आत्ता हे महत्त्वाचं आहे का?”

“माझा गुडघा आहे. मला महत्त्वाचा आहे.”

धाकट्याने कुरकुरत मला रस्त्यावर नेले, वळवले आणि मागे मागे करत पुन्हा त्याच चढावर आणून लावले. आता माझे नाक रस्त्याकडे, खाली. दार अलगद उघडले. आईने एक पाय बाहेर टाकला.

“थांब,” ताई म्हणाली. “चावी काढू नकोस. काटा बघ.”

धाकट्याने बघितला. चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितला. “अर्धा.”

“भरलं कोणी?”

“कुलूप आहे.”

“किल्ली?”

“माझ्या खिशात.”

आई अर्धी आत, अर्धी बाहेर, तशीच म्हणाली, “मग आता तुझा हात हुंग.”

धाकट्याने मला पुन्हा फिरवले. नाक वर, पाव. पुन्हा फिरवले. नाक खाली, अर्धा. समोरच्या घरातला गृहस्थ कुंपणाशी येऊन म्हणाला, “विकताय वाटतं? गिऱ्हाइकाला दाखवताय?”

“नाही,” ताई म्हणाली. “घरच्यांनाच दाखवतोय.”

मलाही तेव्हाच कळले. माझ्या टाकीच्या पुढच्या अंगाला एक लहानसा डबा डिझेलवर तरंगत असतो. तो वर गेला की काटा वर, तो खाली गेला की काटा खाली. नाक खाली केले की सगळे डिझेल पुढे धावते आणि डबा उचलला जातो. नाक वर केले की ते मागे सरते आणि डबा बसतो. डिझेल तेवढेच. बाबांच्या सपाट अंगणात काटा खरे बोलत होता. दोन उतारांवर दोन घरे झाली, तसा तो प्रत्येकाच्या दारात वेगळे सांगू लागला. आणि ही दोघे आपापल्या उतारावरून एकमेकांचे इमान मोजत होती.

शाळेपुढच्या मैदानावर मला सपाट उभी करून धाकट्याने कुलूप काढले आणि एक धुतलेली काठी टाकीत बुडवून पाहिली. खरे माप पाव आणि अर्ध्याच्या मधे निघाले, अर्ध्याहून थोडे कमी. हात पुसायला फडके नव्हते. तसाच तो स्टिअरिंगमागे बसला आणि कोणाला न विचारता मला माळीकाकांच्या घराकडे वळवले.

माळीकाका ओसरीत बसून खुर्चीला नवी वीण घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“काका, चुकलं,” धाकटा म्हणाला.

“गाडीचं?”

“माझं.”

“माझंही,” ताई म्हणाली. “मी त्या कॅनमध्ये बघायला नको होतं.”

वीण आणखी दोन घरे पुढे गेली. धाकट्याने काट्याची, उताराची, डब्याची सगळी गोष्ट भरभर सांगितली. ती संपल्यावर माळीकाका म्हणाले, “हात दाखवा.”

धाकट्याने हात पुढे केला. काकांनी तो धरला, नाकाशी नेला आणि शांतपणे हुंगला.

“डिझेल,” ते म्हणाले.

“काका, ते... मी टाकीत काठी बुडवली, म्हणून...”

“सगळे असंच सांगतात.”

माझ्या आत बसलेली आई खुदकन हसली. माळीकाका हसले नाहीत, पण त्यांनी हात लगेच सोडलाही नाही. मग ताईला विचारले, “पंप चालू झाला?”

“नाही.”

“रोपं?”

“माना टाकल्यात.”

“उद्या येतो.”

“आज नाही येणार?” धाकट्याने विचारले.

“आज खुर्ची आहे.”

दुसऱ्या दिवशी ते आले. पंप सुरू झाला. काही रोपे वाचली, काही गेली. धाकट्याने ते पितळी कुलूप दुकानाच्या गल्ल्याला लावले आहे. मला विकायचे राहिले ते राहिलेच. टपावरचा सांगाडा उतरवला, टायरांत हवा भरली, पुढच्या चाकांची फिरकी सोडली आणि आखूड आखूड फेरे एकत्र करून एकदाच जायचे ठरले. आता मी पूर्वीपेक्षा बरेच कमी पिते. देवाणघेवाण शाळेपुढच्या मैदानावर होते, आणि काटा दोघे मिळून बघतात. तरी ताई अधूनमधून म्हणते, “आज जरा जास्तच दिसतंय.” खोड जाता जात नाही. माझीही गेलेली नाही. समोरच्या घरातला तो गृहस्थ माझ्याकडे अजून का बघतो, याचा मी तपास करते आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी म्हातारी असेल, तर तिला ‘पितेस फार’ म्हणण्याआधी तिच्या पाठीवरचे बिनकामाचे ओझे उतरवा आणि चाकांत हवा भरा. आणि कधी कोणा माणसाचे माप घ्यायची वेळ आलीच, तर आपण उतारावर उभे आहोत की चढावर, ते आधी बघा. सपाटीवर या, मग मोजा. आणि हात हुंगायचाच असेल, तर सुरुवात स्वतःच्या हातापासून करा.